भोंगासरांचा मुका हंगाम

कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी ते भोंगासर. तोंडावर नुसतं सर, पाठ फिरली की भोंगा. हे त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांनी मैदानाच्या या टोकाला तोंड उघडलं की त्या टोकाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या थरथरतात, अशी ख्याती होती. नळ्या काही थरथरत नसत. पण तिथल्या बाई उठून खिडकी मात्र लावून घेत.

मुलींचा फुटबॉल संघ त्यांच्या हाती येऊन बरीच वर्षं झाली होती. पद्धत एकच. रेषेबाहेर उभं राहायचं आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ओरडायचं. 'मैदानावर एकच तोंड चालेल, आणि ते माझं,' हा त्यांचा नियम. नवीन मुलीला बूट बांधायच्या आधी तो सांगितला जाई. यामागे त्यांचा विचार होता. अकराजणी बोलायला लागल्या तर सामन्याचा बाजार होतो. शिवाय आतल्याला फक्त चेंडू दिसतो, सगळा खेळ दिसतो तो बाहेरच्याला. "याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात," असं बायकोने एकदा सांगून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "अगं, उंटावरूनच तर शेळ्या नीट दिसतात."

संघ मात्र हरत असे. कधी थोडक्यात, कधी सपशेल. सरांच्या लेखी कारण सरळ होतं, मुली ऐकत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. मग पुढच्या वर्षी ते आणखी मोठ्याने ओरडत, आणि संघ आणखी मन लावून हरे.

यंदाही हंगामाची सुरुवात तशीच झाली. एका सामन्यात विश्रांतीनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी फुस्सकन हवा निघाली. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं आणि म्हणाले, "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. गवयांना येतात आणि भाजी विकणाऱ्यांना येतात. तुम्ही यातले कोण?" सरांनी खुणेने चेंडूला लाथ मारून दाखवली. "मग आता एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर कायमचे मुके व्हाल," डॉक्टर म्हणाले.

सर हातात पाटी घेऊन मैदानावर जाऊ लागले. धावत्या मुलीने चेंडू सोडून पाटी वाचावी, ही त्यांची अपेक्षा फार दिवस टिकली नाही. पहिल्या मुक्या सामन्यात मुली दर पावलाला रेषेकडे बघत राहिल्या. तिकडून काही येईना, त्यामुळे त्यांना काही सुचेना, आणि त्या वाईट हरल्या.

दुसऱ्या सामन्यात गोलकीपर बोलली. तिला सगळ्या मावशी म्हणत. घरी धाकट्या भावंडांची फौज आणि ही थोरली. पेला कडेला ठेवू नको, तो दोर ओढू नको, चप्पल उलटी आहे, असं दिवसभर बोलण्यातच तिचं आयुष्य चाललेलं. सरांच्या नियमापायी ती मैदानावर इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होती. त्या दिवशी तिला राहवलं नाही. "अगं टाचणे, उजवीकडे त्यांची कोणी नाहीये. तिकडे दे," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिने जीभ चावून रेषेकडे बघितलं. सरांना ओरडता येत नव्हतं. टाचणी म्हणजे संघाची कर्णधार, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. तिने चेंडू उजवीकडे दिला. उजवीकडे खरंच समोरच्या संघातलं कोणी नव्हतं.

मग काय, तोंडं सुटलीच. "मी आहे." "तू थांब, मी जाते." "अगं बाई, मला दे की!" सामना बरोबरीत सुटला. पुढचा जिंकल्या, त्याच्या पुढचाही. हंगाम संपला तेव्हा दरवर्षी तळाशी बसणारा संघ गुणतक्त्याच्या वरच्या निम्म्यात जाऊन बसला होता. दुसऱ्या एका कॉलेजचे शिक्षक हात मिळवत म्हणाले, "काय जादू केलीत?" सरांनी पाटीवर लिहिलं, 'मेहनत'. घरी येऊन बायकोसाठी लिहिलं, 'पेरलेलं उगवायला वेळ लागतो.'

"आणि पेरणारा गप्प बसल्यावरच उगवतं वाटतं," बायको म्हणाली. ती घरीच शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती. सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

प्राचार्यबाईंनी त्यांना बोलावलं ते याच आठवड्यात. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. संस्थेच्या मंडळाला संघासाठी बाहेरून शिकलेला प्रशिक्षक आणायचा होता. बोलणी बरीच पुढे गेली होती, आणि नेमका आता संघ जिंकायला लागला. "मंडळ मला विचारतंय की मधेच असं काय बदललं? ही सरांची करामत असेल तर संघ सरांकडेच राहू दे म्हणतात. नसेल तर नवीन माणूस येईल आणि तुम्ही वर्गांची कवायत तेवढी बघायची," बाई म्हणाल्या. "तुम्ही मुलींना घेऊन बसा. हंगामाचं नीट मूल्यमापन करा. शनिवारी माजी विद्यार्थिनींबरोबर मैत्रीचा सामना आहे, मी येणार आहे. तेव्हा मला एका वाक्यात कारण सांगा. मी तेच मंडळाला सांगेन."

सर मान हलवून व्हरांड्यात आले. कवायत तेवढी. म्हणजे हात वर, हात खाली. संघ गेला तर सकाळी कशासाठी उठायचं, हे त्यांना खरोखरच कळेना. त्यांना भीती वाटली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि गाठी बसल्याचं सांगितलं. हळू बोलायला हरकत नव्हती. घरी आल्यावर सर खुर्चीत बसले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "अगं, चहा."

मशीन थांबलं. "आला का? मला वाटलं, अजून महिना दोन महिने सुखात जातील," बायको म्हणाली. मग ती पाठमोरी झाली आणि बराच वेळ उगाच सुईत दोरा ओवत बसली. तिचे डोळे भरले होते. सरांचेही भरले. दोघांनीही ते एकमेकांना दाखवलं नाही.

"कोणाला सांगू नकोस एवढ्यात," सर म्हणाले. मुक्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात, तर मुलींचं मत खरं कळेल, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण निराळं होतं. त्यांना आपली स्तुती ऐकायची होती, आणि ती ऐकताना मधे बोलावं लागू नये अशी इच्छा होती.

बैठक मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीत झाली. गुंडाळलेल्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू, ओल्या मोज्यांचा वास. मुली गाद्यांच्या थप्पीवर बसल्या. सर दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि पाटी वर धरली. 'हंगाम कसा झाला? मोकळेपणाने बोला.'

आधी ठरलेली बोलणी झाली. सराव चांगला झाला, एकी वाढली, सरांचे आभार. सर समाधानाने मान डोलवत होते. मग टाचणी म्हणाली, "सर, खरंच मोकळेपणाने?"

सरांनी पाटीवरच्या 'मोकळेपणाने'खाली रेघ मारली.

"तुमचा आवाज गेला म्हणून आपण जिंकलो."

मावशीने तिला कोपराने ढोसलं, "अगं, काय बोलतेस? सरांचा घसा गेला नि तू..."

"मी घशाबद्दल कुठे बोलतेय? मी 'मागे'बद्दल बोलतेय," टाचणी म्हणाली. "सर सामन्यात सगळ्यात जास्त काय ओरडायचे? 'मागे!' आणि 'मागे' ऐकलं की आपण काय करायचो? मागे जायचो. सगळ्याच्या सगळ्या. मग समोर एवढं मोकळं रान, आणि त्या निवांत येऊन गोल मारायच्या. मला कधीच कळलं नाही, सर, तुम्ही सारखं मागे का पाठवायचात. पण तुमचं ऐकायचं असतं, म्हणून जायचो."

सरांना काही उमजेचना. त्यांनी पाटी घाईघाईने पुसली आणि लिहिलं, 'मागे जा असं मी कधी म्हणालो?'

"नुसतं 'मागे' म्हणायचात."

'मागे = मागे बघ!! तुझ्या मागे कोणीतरी आहे!!' खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी खाली लिहिलं, 'शेंबड्या पोरालाही कळेल.'

मुलींनी पाटी वाचली. एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं..." कोणीतरी म्हणालं आणि थांबलं. कोणी हसलं नाही. सर पाटी तशीच धरून राहिले. त्यांच्या मते यात वादाला जागाच नव्हती. माणसाला 'मागे' म्हटलं की माणूस वळून बघतो. दुसरं काय करणार?

तेवढ्यात कॅन्टीनवाला दार पायाने ढकलून आत आला. दोन्ही हातांत भरल्या कपांचा ट्रे, आणि नजर कपांवर.

"सर, मागे!" टाचणी ओरडली.

सरांनी झटकन एक मोठं पाऊल मागे टाकलं.

सगळा चहा त्यांच्या पाठीवर गेला. "अरे मेलो!" सर ओरडले. अख्ख्या इमारतीने ऐकावं असे ओरडले, आणि पलीकडे प्रयोगशाळेची खिडकी धाडकन लागली.

कप घरंगळायचे थांबले. तेव्हा दोन गोष्टी सगळ्यांच्याच लक्षात आल्या. एक म्हणजे सरांनी वळून पाहिलं नव्हतं, ते मागे गेले होते. दुसरी म्हणजे सरांचा आवाज परत आला होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

मुलींना आनंद झाला. झालाच, त्या काही दुष्ट नव्हत्या. पण आनंदाच्या आधी, अगदी क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यांवरून दुसरंच काहीतरी गेलं. ओरडणारा बाप बाहेरगावाहून लवकर परतला की घरातल्यांच्या चेहऱ्यावरून जातं तसं. सरांनी ते पाहिलं. पाठ भाजली होती, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. हे मात्र लागलं.

"भाजलं का हो, सर?" मावशी तिथल्याच एका फडक्याने त्यांची पाठ टिपत म्हणाली. सरांनी मान हलवली.

घरी बायको पाठीला मलम लावत होती तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिला ट्रेपाशी हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही. तेही थोडे हसले. जुन्या एकेक मुली त्यांना आठवत होत्या. एक होती, बचावाला खेळायची, उंच. तिला त्यांनी सगळ्यांसमोर बोल लावले होते, 'तुला कान आहेत की नाहीत? ऐकतच नाहीस!' ती रडली होती आणि हंगाम संपल्यावर तिने खेळ सोडला होता.

"ती ऐकत होती गं," सर म्हणाले. "सगळ्याच ऐकत होत्या. तेच तर झालं."

बायकोने मलमाची डबी बंद केली. "अहो, मग आता दुसरा शब्द शोधा. 'पाठीवर' म्हणा. पाठीवर कोणी आहे म्हटलं की कोण मागे पळेल?"

शब्द चांगला होता. सरांनी दोन दिवस तो घोकला, दात घासताना, जिना चढताना. पाठीवर, पाठीवर. हळूहळू त्यांना हुरूप आला. आवाज आहे, आता बरोबर शब्दही आहे, मग पुढचा हंगाम काय वाईट जाईल? बाईंना सांगायचं वाक्यही त्यांनी तयार केलं. 'मुलींमधला संवाद वाढला.' ते खोटं नव्हतं. संवाद कशामुळे वाढला हे बाई विचारणार नाहीत, आणि मंडळ तर नाहीच नाही. ट्रेची गोष्ट खोलीतच राहिली असती.

शनिवारी मैदानावर ऊन चांगलं पडलं होतं. माजी विद्यार्थिनी जमल्या होत्या. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, एकीचं मूल कडेवरून उतरायला तयार नव्हतं. धाप लागत होती तरी जुने बूट घालून आलेल्या होत्या. त्यांत ती उंच मुलगीही होती. आता मुलगी कसली, चांगली बाई झाली होती. तिने लांबून हात केला. सरांनीही केला. प्राचार्यबाई रेषेपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि सर शेजारी उभे राहिले.

सामना सुरू झाला आणि सर हळू आवाजातही काही बोलले नाहीत. निश्चयाने गप्प होते. पण टाचणी मधोमध चेंडू घेऊन निघाली आणि तिच्या मागून माजी मुलींपैकी एकजण दबकत येताना त्यांना दिसली. टाचणीचं लक्ष नव्हतं. सरांनी छाती भरून घेतली. शब्द तयार होता. पण इतक्या वर्षांची सवय घोकलेल्या शब्दाच्या आधी धावली.

"मागे!"

त्यांच्या संघातल्या एकीनेही मान वळवली नाही. मावशीने केव्हाच सांगून टाकलं होतं, "टाचणे, डाव्या खांद्याशी आहे बघ," आणि टाचणी केव्हाच वळून निसटली होती. सरांचा शब्द मैदानावरून रिकामा गेला.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा नाही. पलीकडचा संघ मागे गेला. बँकेतली, दवाखान्यातली, लेकुरवाळी, उंच ती, सगळ्या एका दमात, एका रांगेत, जिवाच्या आकांताने मागे धावल्या. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, संसार झाले, पण पाय शब्द विसरले नव्हते. टाचणीसमोर हे एवढं मोकळं रान उरलं. ती निवांत गेली आणि तिने गोल केला.

माजी मुली आपापल्या जागी थबकल्या, आपण काय केलं ते बघून एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. "सर, अहो, आम्ही तुमच्या विरुद्ध खेळतोय!" एकजण ओरडली. प्राचार्यबाईही हसल्या. सर हसले नाहीत.

"आवाज आला की तुमचा! छान झालं," बाई म्हणाल्या. "पण काय हो, तुम्ही सांगितलं एका संघाला आणि पळाला दुसराच. हा काय प्रकार?"

सरांची नजर मैदानावरच होती.

"बरं, ते वाक्य सांगा. मंडळाला आजच कळवायचंय. काय बदललं?"

वाक्य तयार होतं. संवाद वाढला. ओठांवर आलंही होतं. समोर मावशी गोलात उभी राहून कोणाला तरी केस नीट बांधायला सांगत होती.

"कळवा," सर म्हणाले, "की हा संघ आता माझं ऐकत नाही."

बाईंनी वर पाहिलं. "ही तक्रार आहे का?"

"नाही, मॅडम. प्रगती आहे. जिंकण्याचं कारण तेच."

"असं कळवलं तर ते बाहेरचा माणूस आणतील, सर. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय. येईल त्याला एवढंच सांगा, गोलकीपरला गप्प करू नको." सरांचा आवाज घोगरा झाला होता. त्याचा गाठींशी काही संबंध नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि तरी समोरचा खेळ त्यांना मनापासून आवडत होता.

बाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

विश्रांतीची शिट्टी झाली. मुली पाणी प्यायला या बाजूला आल्या. माजी मुली पलीकडच्या रेषेवर गवतात पाय पसरून बसल्या, अजून हसत होत्या. सरांना इथून ओरडून सांगता आलं असतं. आवाज तेवढा नक्कीच पोचला असता. पण ते मैदान ओलांडून चालत गेले. ते येताहेत हे बघून हसणं थांबलं आणि दोघीतिघी सवयीने उठून उभ्या राहिल्या.

"बसा, बसा," सर हळू आवाजात म्हणाले. मग त्या उंच बाईसमोर ते स्वतःच गवतात बसले. "एक सांगायचं राहिलं होतं. 'मागे' म्हणजे मागे बघ, असं म्हणायचं होतं मला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे सर, मी..."

"तू ऐकत होतीस," सर म्हणाले.